सुट्टीवर आलेल्या अग्निवीराला ‘एफडी’ म्हणून विकलेली पॉलिसी

ट्रेनिंग संपवून पोरगा पहिल्यांदा सुट्टीवर येतो तेव्हा खात्यात पाच-सहा महिन्यांचा पगार साठलेला असतो. सेंटरवर खर्चाला वाव नसतो, फोनही मोजक्याच वेळेला हातात मिळतो. गावात सत्कार होतो, फ्लेक्स लागतो, आणि त्याच आठवड्यात घरी एक माणूस येतो. बहुतेक वेळा तो स्वतः निवृत्त फौजी असतो. ‘बाळा, मीपण तुझ्याच रेजिमेंटचा’ या वाक्याने तो सुरुवात करतो, आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. पुढची सगळी फसवणूक या एका वाक्याच्या आधारावर उभी राहते. म्हणून ती कशी चालते हे कागदासकट सांगतो.

तो माणूस वहीचं पान फाडतो आणि निळ्या पेनने आकडे मांडतो. महिना ५,०००. वर्षाचे ६०,०००. चार वर्षांचे २,४०,०००. त्यापुढे बाण काढून ४,८०,००० लिहितो आणि त्याभोवती दोनदा गोल काढतो. ‘सेवा निधीबरोबरच (चार वर्षांची नोकरी संपताना अग्निवीराला एकदम मिळणारी रक्कम) हातात पडतील. जवानांसाठीची खास एफडी आहे, बाहेरच्यांना मिळत नाही.’ छापील पत्रक तो दाखवत नाही. दाखवलं तरी फक्त वरचं रंगीत पान. ते फाडलेलं पान मात्र घरात देव्हाऱ्यामागे जपून ठेवलं जातं. पुढे तक्रारीच्या वेळी तोच सगळ्यात कामाचा कागद ठरतो, म्हणून ते फेकू नका.

मग आधार, पॅन, रद्द केलेला चेक, पे-स्लिप. फॉर्म टॅबवर भरला जातो, तोही विकणाऱ्याच्याच हाताने. मोबाइल नंबर पोराचा, पण ईमेल भलताच टाकला जातो. कारण विचारलं तर ‘तू ड्युटीवर असतोस, कागद चुकायला नको’. ओटीपी येतो, पोरगा वाचून दाखवतो. त्याला वाटतं खातं उघडतंय, पण त्या ओटीपीने प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, त्याची सही झालेली असते. दुसरा ओटीपी बँकेचा असतो. तो दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप कापण्याची परवानगी असते, तिलाच ई-नॅच मँडेट म्हणतात.

दोन दिवसांनी कंपनीतून पडताळणीचा फोन येतो. फोन स्पीकरवर, समोर विकणारा बसलेला. तिकडून विचारतात, ‘ही दहा वर्षं हप्ता भरण्याची विमा पॉलिसी आहे, हे आपल्याला सांगितलं आहे का?’ पोरगा गोंधळून समोर बघतो, आणि समोरचा मान हलवून खुणावतो: हो म्हण. हा फोन रेकॉर्ड होतो. तक्रार केली की कंपनी सगळ्यात आधी हेच रेकॉर्डिंग पुढे ठेवते. त्यामुळे त्या फोनवर ‘थांबा, मला हे असं सांगितलेलं नाही’ असं म्हणायची हिंमत झाली, तर फसवणूक तिथल्या तिथे मोडते. एवढी एकच गोष्ट पोराला घोकून पाठवा.

पोराच्या गळ्यात पडतं ते असं असतं: पारंपरिक एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र), हप्ता भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, वार्षिक हप्ता ६०,०००, विमा रक्कम साधारण ६ लाख. कंपनी खरी, पॉलिसी खरी, शिक्का खरा. खोटं फक्त जे तोंडी सांगितलं ते. म्हणूनच पोलिसांत गेलं की ‘हा तर तुमचा कंपनीशी करार आहे’ असं ऐकावं लागतं.

आता हे अग्निवीराच्या नोकरीशी जुळवून बघा. ही अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. पहिल्या वर्षी पगार ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत कापले जातात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी हातात २३,१००, तिसऱ्या वर्षी २५,५५०, चौथ्या वर्षी २८,०००. जोखमीच्या ठिकाणचे भत्ते वेगळे. दहा वर्षं हप्ता भरण्याची पॉलिसी या चार वर्षांच्या पगारावर बसवली, म्हणजे शेवटचे सहा हप्ते कुठून येणार याचं उत्तर विकतानाच नव्हतं. विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. त्याचं कमिशन मुख्यतः पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर असतं, सहाव्या-सातव्या हप्त्याशी त्याला देणंघेणं नसतं.

चार वर्षं भरून थांबलं की दोन वाटा उरतात. एक म्हणजे पॉलिसी पेड-अप करणं, म्हणजे पुढचे हप्ते न भरता ती कमी रकमेवर चालू ठेवणं. दहातले चार हप्ते भरले म्हणून विमा रक्कम दहापैकी चार भाग, म्हणजे ६ लाखांची २ लाख ४० हजार होते. ती आणि तोवर जमलेला बोनस मिळतो तो विसाव्या वर्षी, म्हणजे अजून १६ वर्षांनी. दुसरी वाट सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडून पैसे घेण्याची. चौथ्या ते सातव्या वर्षात हमी दिलेलं किमान सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या ५० टक्के असतं. २,४०,००० भरले, किमान हमी १,२०,००० ची. बोनस आणि विशेष सरेंडर मूल्याच्या हिशेबाने थोडे जास्त मिळू शकतात, पण वहीच्या पानावरच्या ४,८०,००० च्या जवळपासही नाही. तेच ५,००० महिन्याला बँकेच्या साध्या आरडीत साडेसहा टक्क्यांनी टाकले असते तर चार वर्षांनी सुमारे २ लाख ७४ हजार झाले असते.

आणि विम्याची गरज होती का? अग्निवीराला सेवाकाळात सरकारकडून ४८ लाखांचं विमा संरक्षण आहे, त्यासाठी त्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. नियमित जवानाच्या पे-स्लिपवर ग्रुप इन्शुरन्सची कपात असतेच. ४८ लाखांचं छत्र डोक्यावर असलेल्या, वीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोराला ६ लाखांचा विमा वर्षाला ६०,००० रुपयांना विकणं हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे, आणि तो वर्दीतल्या माणसाने वर्दीच्या नावावर केलेला असतो याचा संताप येतो.

कागद हातात आल्यावर एफडी की पॉलिसी हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. एफडीच्या पावतीवर बँकेचं नाव, व्याजदर, मुदतपूर्तीची तारीख आणि रक्कम असते. पॉलिसीवर यूआयएन नंबर (त्या विमा योजनेचा ओळख क्रमांक) असतो, प्रीमियम पेइंग टर्म (हप्ता भरण्याची मुदत) आणि पॉलिसी टर्म असे दोन वेगळे आकडे असतात, नॉमिनीच्या शेजारी सम अ‍ॅश्युअर्ड, म्हणजे विमा रक्कम, लिहिलेलं असतं. पुढे एक तक्ता असतो, त्यात ४ टक्के आणि ८ टक्के धरून पैसे किती वाढतील ते दाखवतात. हे दोन्ही दर गृहीत धरलेले असतात, त्यांची हमी नसते, आणि पूर्ण २० वर्षं सांभाळलेल्या अशा पॉलिसीतूनही वर्षाला ५-६ टक्क्यांच्या आसपासच सुटतात.

कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. थोडा मुद्रांक खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा भाग कापून बाकी पैसे मिळतात. भलता ईमेल टाकण्यामागचा डाव इथे कळतो: पॉलिसी त्या ईमेलवर जाते, पोरगा तोवर पठाणकोटला नाहीतर लेहला पोहोचलेला असतो, आणि ३० दिवस निघून जातात. म्हणून फॉर्म भरला त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः फोन करा, आपल्या नावावर कोणता ईमेल आणि पत्ता आहे ते विचारा, आणि चुकीचा असेल तर तिथेच बदलून घ्या. परत करायची असेल तर अर्ज एजंटकडे देऊ नका. शाखेत देऊन पोच घ्या किंवा स्वतःच्या ईमेलवरून पाठवा.

मुदत उलटून गेली असेल तरी हात टेकू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार: काय सांगून विकलं, कोणी, कोणत्या तारखेला, आणि सोबत ते वहीचं पान, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, पे-स्लिप. पे-स्लिप यासाठी की चार वर्षांची नोकरी असलेल्याला दहा वर्षांचा हप्ता लावला हे त्यातूनच सिद्ध होतं. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, फोन १५५२५५. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन देता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे सीमेवरून सुट्टी काढून यायची गरज पडत नाही. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवं, ही मुदत चुकवू नका.

मँडेट मात्र रागाच्या भरात लगेच बंद करू नका. हप्ता थांबला की मासिक हप्त्याला १५ दिवसांचीच सवलत असते, मग पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते. आधी लेखी तक्रार, त्याची पोच, मग बँकेत मँडेट रद्द करण्याचा अर्ज, असा क्रम ठेवा.

नियमित जवानांच्या बाबतीत सापळा वेगळा असतो आणि जास्त खोल असतो. त्याची नोकरी पक्की, म्हणून बँक त्याला कर्ज पटकन देते. गावातला कोणीतरी सांगतो: ५ लाखांचं पर्सनल लोन काढ, आमच्याकडे लाव, महिना ५ टक्के. ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १०,८७१ रुपये, वरून महिना २५,००० येणार, म्हणजे बसल्या जागी १४,००० उरले. पाच-सहा महिने पैसे खरंच येतात. ते पुढच्या माणसाच्या मुद्दलातून दिलेले असतात. तेवढ्यात तो जवान पलटणीतल्या आणखी चौघांना आणतो, आणि पैसे थांबतात तेव्हा अख्खी बॅरेक एकमेकांशी बोलेनाशी होते. हप्ता मात्र पाच वर्षं पगारातून जातच राहतो, एकूण साडेसहा लाखांच्या वर.

पाचशेच्या स्टँप पेपरवरचा करार आणि पुढच्या तारखेचा चेक दाखवून धीर दिला जातो. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि जवान तेव्हा नेमका दूर असतो. लोकांकडून ठेवी घेणारा माणूस ज्या कायद्याखाली नोंदलेला आहे त्याचा नोंदणी क्रमांक मागा. ‘मी शेअर बाजारात लावतो’ म्हणाला तर सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, नोंदणी: सल्लागाराचा क्रमांक आयएनएने सुरू होतो, ब्रोकरचा आयएनझेडने. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. फसवणूक झालीच असेल तर जिल्ह्याची आर्थिक गुन्हे शाखा गाठा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी एमपीआयडी कायदा, १९९९ आहे, त्याखाली आरोपीची मालमत्ता जप्त करता येते, म्हणून तक्रार एकट्याने न देता सगळ्यांनी मिळून आणि लवकर द्या. पैसे मोबाइलवरच्या ट्रेडिंग अ‍ॅपमधून गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

युनिटमध्ये सांगायला पोरं घाबरतात. शिस्तभंग होईल, साहेब रागावतील. या गप्प राहण्यावरच विकणारा पुढच्या बॅरेकपर्यंत पोहोचतो. सीनियर जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना पहिल्याच दिवशी सांगा.

नियमित जवानाला बचतच वाढवायची असेल तर ती युनिटच्या क्लार्ककडे एका अर्जावर होते. आर्म्ड फोर्सेस पर्सनल प्रॉव्हिडंट फंडात मूळ पगाराच्या किमान ६ टक्के जातात, ते वाढवता येतात. अग्निवीराला हा फंड नाही, त्याच्यासाठी आरडी आणि पीपीएफ या साध्या गोष्टी आहेत. त्यातही पीपीएफची मुदत १५ वर्षांची आहे, तेव्हा चार वर्षांनी जे पैसे लागणार ते आरडीतच ठेवा.

लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. तेव्हा सेवा निधी मिळतो: स्वतःचे ५ लाख २ हजार, सरकारचे तेवढेच, आणि व्याज मिळून साडेअकरा लाखांच्या वर रक्कम एकदम खात्यात येईल, करमुक्त. ती सरकारकडून थेट खात्यात जमा होते. ‘लवकर काढून देतो’, ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तो भामटाच. स्वतःच्या इच्छेने मध्येच नोकरी सोडली तर सरकारचा हिस्सा मिळत नाही, आणि त्यात कोणाची ओळख चालत नाही.

पैसे आल्यावर पहिले तीन महिने कोणालाच काही देऊ नका. रक्कम तीन बँकांत एफडीत विभागून ठेवा, कारण ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. आणि गावातल्या पतसंस्थेचा दर दोन टक्क्यांनी जास्त दिसला तरी तिथे ठेवण्याआधी हे लक्षात घ्या, की पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण लागू नाही.