बाळाला घेऊन चार दिवस: दुबई की सिंगापूर?

माझी नणंद सांगलीत विश्रामबागला राहते. तिचं बाळ आता सात महिन्यांचं झालंय आणि दिवाळीनंतर दोघा नवरा-बायकोला त्याला घेऊन चार-पाच दिवस बाहेरचं एखादं शहर बघून यायचंय. "वहिनी, दुबई करू का सिंगापूर?" यावर आम्ही पाऊण तास फोनवर बोललो, तरी निम्मं सांगायचं राहिलंच. आम्ही लेकीला घेऊन दोन्हीकडे जाऊन आलोय. दुबईला गेलो तेव्हा ती दहा महिन्यांची होती, सिंगापूरला सव्वा वर्षाची. अशाच विचारात असलेल्या सगळ्यांसाठी म्हणून लिहितेय.

पहिला हिशेब सगळे विमानाच्या तासांचा करतात. मुंबईहून दुबई साधारण ३ तास आणि सिंगापूर साडेपाच. पण आपला सांगलीकरांचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा नाहीतर पेठ नाक्यावरून हायवेनं गाडीनं, आठ-नऊ तास आधीच गेलेले असतात. त्यामुळे अडीच तासांच्या फरकावर निर्णय घेऊ नका. त्याऐवजी मुंबईत एक रात्र मुक्काम ठेवा, बाळ आणि तुम्ही दोघंही माणसात येता. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेता येतं आणि बऱ्याच कंपन्या त्याचं भाडं मोठ्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास लावतात. भिंतीला लावायचा पाळणा मात्र मोठ्या, दोन वाटांच्या विमानातच मिळतो, तोही पुढच्या ठरावीक सीटांसमोर. सिंगापूरला जाताना असं विमान मुद्दाम शोधा आणि तिकीट काढतानाच पाळणा मागून ठेवा. विमान उतरायला लागलं की बाळाला अंगावर पाजा, गिळत राहिलं की कान दुखत नाहीत.

आता खरा मुद्दा, जो आम्हाला दुबईला जाऊन आल्यावर कळला. चार दिवसांत बाळाचं घड्याळ बदलत नाही. दुबई आपल्या दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. सांगलीत रात्री नऊला झोपणारी आमची लेक दुबईत साडेसातलाच डोळे चोळायला लागायची आणि पहाटे पाचला टक्क जागी. मॉल उघडणार दहाला, तोवर खोलीत तिघं एकमेकांकडे बघत बसलेले. दुबईची रंगत संध्याकाळनंतर चढते आणि नेमकं तेव्हाच आमचं पाखरू झोपेला आलेलं. सिंगापूरला उलट झालं. ती रात्री साडेअकराला झोपायची आणि सकाळी नऊ-साडेनऊला उठायची. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या उंच लोखंडी झाडांवरचा प्रकाशाचा खेळ पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, पैसेही लागत नाहीत. दोन्ही वेळी ती टाळ्या वाजवत होती.

हवामानाचं थोडक्यात सांगते. दुबईला नोव्हेंबर ते मार्च एवढंच जा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, बाळाला घेऊन रस्ता ओलांडणंही नको वाटतं. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं, बारा महिने तीस-बत्तीस अंश, दमट, आणि पाऊस कधीही. बाबागाडीचं प्लास्टिक आच्छादन आणि डासांसाठी जाळी हवीच.

फिरण्याच्या सोयीत मात्र मी सिंगापूरकडे स्पष्ट झुकते. तिथल्या प्रत्येक मेट्रो स्टेशनवर लिफ्ट आहे, बसमध्ये बाबागाडी न मिटता चढवता येते. बोटॅनिक गार्डन हे २०१५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. प्रवेश फुकट, मेट्रो दाराशी, ऑर्किडच्या बागेलाच तेवढं तिकीट. आपल्या सांगलीच्या आमराई बागेत संध्याकाळी बाळाला फिरवतो तसं तिथं दोन तास फिरवलं, झाडाखाली चादर टाकून निजवलं आणि आम्ही दोघं कितीतरी महिन्यांनी निवांत बोललो. तो अर्धा दिवस मला अख्ख्या दुबईपेक्षा जास्त आठवतो. दुपारी ऊन चढलं की गार्डन्स बाय द बे इथल्या काचेच्या थंड घरांत शिरायचं. त्यातल्या क्लाउड फॉरेस्टमध्ये ३५ मीटरचा धबधबा आहे, पण गारठा असतो, बाळाला स्वेटर घाला. एक लक्षात ठेवा: सिंगापूरला साध्या टॅक्सीला लहान मुलांच्या वेगळ्या सीटची सक्ती नाही, पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला आहे. ॲपमध्ये मुलांची सीट असलेली गाडी निवडा.

दुबईची मेट्रोही स्वच्छ आहे, विनाचालक, २००९ पासूनची. पण शहर लांबलचक पसरलेलं. स्टेशनातून दुबई मॉलपर्यंतच वातानुकूलित पुलावरून पाऊण-एक किलोमीटर चालावं लागतं. मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा भाग असतो, बसायला चांगला, पण पुरुष तिथं चढला तर १०० दिरहम दंड. म्हणजे बाळ आईकडे, पिशव्या बाबाकडे आणि दोघं वेगवेगळीकडे. आधी ठरवून घ्या, उतरायचं स्टेशन दोघांनाही पाठ हवं. वाळवंटातल्या उड्या मारणाऱ्या गाडीची सफर बाळासाठी अजिबात नाही. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा बघाच, लिफ्टमध्येही कानांसाठी पाजणं आलं. आम्हाला सगळ्यात आवडली ती खाडी. लाकडी होडीतून एका दिरहममध्ये पलीकडे, सकाळच्या गार वाऱ्यात. लवकर उठणाऱ्या बाळाला दुबई तेवढी मानवते.

खाण्याची चिंता दोन्हीकडे नको. सिंगापूरला लिटल इंडियात, दुबईला बर दुबई आणि करामा भागात डाळभात, इडली सहज मिळते. बाळासाठी नाचणीसत्त्व आणि पेजेचं पीठ घरून न्या. भडंग हवा तेवढा न्या. पण सासूबाईंनी दिलेले डिंकाचे लाडू नेणार असाल तर त्यात खसखस आहे का ते विचारा. खसखस दोन्ही देशांत बंदी असलेल्या यादीत आहे. लाडवासाठी विमानतळावर अडकू नका.

खोली सिंगापूरला त्याच पैशांत लहान मिळते, हे खरंय. पाळणा ठेवायला जागा आहे का, आधी विचारा.

नणंदेला मी सांगितलं, पाच रात्री निघत असतील तर सिंगापूर. तीनच रात्री असतील, किंवा लांबच्या विमानाची धास्ती असेल, तर थंडीत दुबई, पण मग हॉटेल मॉलजवळ नको, खाडीजवळ घ्या. आणि जे ठरेल ते बाळाची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाल्यावरच, डॉक्टरांना विचारून. तोवर पासपोर्टचं काम उरका. बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, तो पाच वर्षांचा मिळतो, जन्मदाखला आणि आईबाबा दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र लागतं. दाखल्यावर अजून नाव चढवलं नसेल तर सगळ्यात आधी महापालिकेत जा.