जिस्ट: गाठीचा तुकडा तपासावा की रक्त?

जठर किंवा लहान आतड्याच्या भिंतीत वाढणाऱ्या जिस्ट या दुर्मिळ गाठीचं पहिलं निदान रक्तावर सोडू नका. गाठ एकाच जागी असेल तर तिचा डीएनए रक्तात फार थोडा उतरतो. रिपोर्ट कोरा येतो आणि घरचे उगाच हुश्श करतात. तुकड्यावर सीडी117 आणि डॉग1 या आयएचसी (रंग लावून पेशींतली प्रथिनं ओळखणाऱ्या चाचण्या) होतात, शिवाय त्याच ब्लॉकमधून (मेणात जपलेल्या तुकड्यातून) किट आणि पीडीजीएफआरए ही जनुकं वाचता येतात. किटच्या एक्सॉन 11 मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा) बदल असेल तर इमॅटिनिब हे औषध रोज 400 मिग्रॅ, एक्सॉन 9 मध्ये असेल तर बहुधा 800. पीडीजीएफआरएमधला डी842व्ही हा बदल निघाला तर इमॅटिनिब लागूच पडत नाही.

इमॅटिनिब चालेनासं झालं की मात्र पारडं रक्ताकडे झुकतं. यकृतातल्या एका गाठीत एक नवा बदल आणि पोटाच्या पडद्यावरच्या गाठीत दुसराच, असं सर्रास होतं. सुई एकाच गाठीत जाते, रक्तात मात्र सगळ्यांचा डीएनए येऊ शकतो. जुन्या ब्लॉकवर पुन्हा पैसे घालून उपयोग नाही, कारण हे बदल नंतरचे. उत्तरावर औषध ठरू शकतं: एक्सॉन 13 किंवा 14 मधल्या बदलांवर सुनिटिनिब हे पुढचं औषध चालतं, 17-18 वर ते तोकडं पडतं. सुनिटिनिब आणि रिप्रेटिनिब या औषधांची तुलना करणाऱ्या इंट्रीग चाचणीच्या रक्तनमुन्यांत, एक्सॉन 11 सोबत फक्त 17-18 चे बदल असलेल्यांना रिप्रेटिनिब सरस ठरलं.

रक्त द्यायची वेळ चुकली तर चाचणी वाया जाते. सीटीत गाठ वाढलेली दिसल्यावर आणि नवं औषध सुरू होण्याआधी द्या. औषध लागू असताना डीएनए आटलेला असतो. स्ट्रेकच्या (पेशी फुटू न देणारं द्रव्य असलेल्या) 10 मिलीच्या दोन नळ्या बहुधा लागतात. त्या 8-10 वेळा हळूच उलट्यासुलट्या करायच्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. साध्या ईडीटीए नळीतलं (रक्त गोठू न देणाऱ्या नेहमीच्या नळीतलं) रक्त काही तासांत यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए हरवतो. रिपोर्टात एकटाच टीपी53 या जनुकातला बदल दिसला, तर तो वयामुळे रक्तपेशींत आलेला बदल असू शकतो. त्याच नमुन्यातल्या पांढऱ्या पेशीही तपासल्या का, हे लॅबला विचारा.

सीटी मात्र सुटत नाही. रक्त कोरं आलं आणि सीटीत वाढ दिसतेय, तर सुई घालावीच लागते, तीही वाढणाऱ्या गाठीत. हाताला सोपी म्हणून दुसऱ्या गाठीत नव्हे.