निशिगंध की देवदार: सात महिन्यांनंतर

गणपतीत परफ्यूमचे पाच-पाच मिलीचे दोन डिकँट (मोठ्या बाटलीतून काढलेल्या छोट्या कुप्या) मागवले होते. त्यातला एक परवा संपला, म्हणून लिहितेय. दोन्ही सर्ज ल्युटेन्स या फ्रेंच ब्रँडचे, दोन्हींत हात ख्रिस्तोफर शेल्ड्रेक या परफ्यूम बनवणाऱ्याचा: निशिगंधाचं 'ट्युबेरोझ क्रिमिनेल' (१९९९) आणि देवदाराचं 'फेमिनिते द्यु ब्वा', जे १९९२ मध्ये आधी शिसेडो या जपानी कंपनीच्या नावानं आलं होतं.

आधी आवडलं ते फेमिनिते. देवदार, आलुबुखार, दालचिनी, लवंग. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते. सौदे सुरू झाले की घरी धुतलेल्या ओढणीलाही हळदीचा वास येतो, आणि त्यात बहुतेक परफ्यूम बुडून जातात. हे बुडलं नाही. संध्याकाळी पाचला मनगट नाकाशी नेलं, की नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा कोरडा वास यायचा. पण एप्रिलचं ऊन याला सोसत नाही. दुपारी दोनला आलुबुखार पाकासारखं चढतं आणि डोकं धरतं.

क्रिमिनेल पहिल्या दिवशी अजिबात सहन झालं नाही. लावल्या लावल्या रबर, कापूर आणि चक्क मलम! सासूबाईंनी आतून विचारलं, "कंबर धरली का गं?" महिनाभर ते कपाटातच राहिलं.

मग मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेसाठी निशिगंधाच्या काड्या आणल्या. रात्री दहाच्या सुमारास एका उमललेल्या फुलात नाक घातलं, तर गोडव्याच्या आत तोच थंड, मलमाचा वास. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट असतंच, आणि सांधेदुखीच्या मलमातही तेच असतं. निशिगंधाचे बहुतेक परफ्यूम लोणी-साखर घालून ते झाकतात. शेल्ड्रेकनं तेच पुढे आणून ठेवलंय. त्या रात्रीपासून मला ते खरं वाटायला लागलं.

वीस मिनिटं थांबायची तयारी हवी. नंतर ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा सोडावा तसं फूल उमलतं आणि माझ्या अंगावर सात-आठ तास टिकतं. एकच फवारा, मानेमागे, घराबाहेर पडायच्या अर्धा तास आधी. एसटीनं जायचं असेल तर लावू नका, शेजारच्या माणसाला त्रास होतो.

मोठी बाटली क्रिमिनेलचीच मागवली आहे. फेमिनितेचं दीड-दोन मिली उरलंय, ते पुढच्या थंडीला.