काजूचा डीक आणि अवोगाड्रो

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या रेणूंची मॉडेल्स जोडायच्या पेटीत हायड्रोजनचे पांढरे गोळे सातच उरलेत. प्रोपेनला एक कमी पडतो, तिथे क्लोरीनचा हिरवा गोळा लावून वेळ मारून नेतो. म्हणून लॅबच्या जुन्या पीसीवर अवोगाड्रो हे रेणू काढायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि माउसने कार्बन काढला की हायड्रोजन आपोआप चिकटतात.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ध्या वर्गाची बोटं ओले काजूगर काढून सोललेली असतात. त्यामुळे पहिला मोठा रेणू निवडला तो सालीतल्या डिकातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल. बेंझिनचं कडं तयार मिळतं. त्याला एक ओएच, शेजारी सीओओएच (आम्लाचा गट), त्याच्या दुसऱ्या बाजूला १५ कार्बनची शेपटी. दुहेरी बंध नसलेला प्रकार घेतला तर एकूण ६१ अणू. मग ऑटो ऑप्टिमायझेशन, म्हणजे कमी ऊर्जेचा आकार आपोआप शोधणं, सुरू केलं आणि वेडीवाकडी शेपटी डोळ्यांदेखत झटके देत सरळ व्हायला लागली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सुरमय तडफडता तशी!"

खरी गंमत पुढे. ओएचचा हायड्रोजन सीओओएचकडे पाठ करून बसला होता आणि सॉफ्टवेअर तिथेच थांबलं. एका मुलीला माउस दिला. तिने तो हायड्रोजन ओढून शेजारच्या ऑक्सिजनकडे वळवला, सोडला, तर तो तिथेच रमला आणि ऊर्जेचा आकडा खाली आला. हायड्रोजन बंध मी फळ्यावर तुटक रेषेने कितीदा काढलाय, पण हे वेगळंच. सॉफ्टवेअर ऊर्जेच्या जवळच्या खड्ड्यात बसतं, सगळ्यात खोल खड्डा शोधत नाही, हेही तेव्हाच सांगून झालं. गर काढण्याआधी आई हाताला खोबरेल का चोपडायला लावते, हा प्रश्न त्या तेलकट शेपटीकडे बघून मुलांनीच काढला.

उणं काय? बी भाजताना हे आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डेनॉल होतं. ते इथे दिसत नाही. यातलं फोर्स फील्ड (अणूंमधल्या ओढाताणीचं ठोकळ गणित) बंध तोडत नाही, सीओओएच हातानेच पुसावा लागतो. खऱ्या क्वांटम गणितासाठी ओर्कासारख्या प्रोग्रामची फाइल तेवढी बनवून मिळते, पुढचं काम आमच्या पीसीच्या कुवतीबाहेरचं. नावावरून रेणू मागवायला इंटरनेट लागतं, आणि आमच्याकडे पावसात लाइनचा भरवसा नाही. मी मे महिन्यातच लागतील ते रेणू उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मेनू मराठीत नाहीत म्हणून. प्लास्टिकची पेटी मात्र टाकलेली नाही, वीज गेली की तीच निघते.