पेंटियम २०० म्हणून विकलेला १६६

जुन्या सॉकेट ७ (पेंटियमच्या काळातली प्रोसेसर बसवायची जागा) मदरबोर्डसाठी वापरलेला प्रोसेसर घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला पेंटियम २०० (मेगाहर्ट्झ) म्हणून विकलेली चिप कमी वेगाची १६६ निघाली, आणि ती लबाडी झाकायला विक्रेत्याने कूलरचा आडोसा घेतला.

हीटसिंक आणि पंखा त्याने आधीच चिकटवून दिला होता. थर्मल पेस्ट आणि क्लिप नव्हे, दगडासारखा कडक झालेला गोंद. वर, ‘तुमची कटकट वाचवली, आता तापायची भीती नाही,’ असं सांगितलं. मी जंपर (मदरबोर्डवरच्या पिनांवर बसवायच्या, वेग ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) लावले, बस म्हणजे बोर्डाचा मूळ वेग ६६ आणि गुणक ३, म्हणजे चिप त्याच्या तिप्पट वेगाने. मशीन सुरू होताच पडद्यावर २०० मेगाहर्ट्झ आले.

इथेच माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा चिपच्या पोटातून येत नाही. जंपर जसे लावाल तसा वेग, आणि बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, तोच दाखवतो. सॉफ्टवेअरने विचारलं तरी साधे १६६ आणि २०० दोन्ही फॅमिली ५, मॉडेल २ असंच उत्तर देतात. त्यांची खरी ओळख फक्त छापील अक्षरांत असते.

डॉस मजेत चालायचं. जड गेम लावला की थोड्या वेळाने सगळं गोठायचं. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: कूलिंग कमी पडतंय, मोठा पंखा बसवा. बसवला, फरक शून्य. मग म्हणाला, व्होल्टेज ३.३ वरून ३.५ करा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एवढ्याशा बदलाने सुमारे १२ टक्के जास्त. मशीन आणखी लवकर हँग होऊ लागलं. तापणाऱ्या चिपला हा सल्ला देणं मला सरळसरळ दुष्टपणाचं वाटतं. चिप जळाली असती, तर दोष माझ्याच माथी आला असता.

हिशोब मात्र जुळेना. १६६ ची कमाल उष्णता साडेचौदा वॅट, २०० ची साडेपंधरा. एका वॅटसाठी एवढा मोठा पंखा हरेल कसा? व्होल्टेज पुन्हा ३.३ केलं, गुणक अडीचवर, म्हणजे वेग १६६ वर आणला, बाकी काहीही हलवलं नाही. तोच गेम रात्रभर न अडखळता चालला.

मग चिप सॉकेटमधून काढून पिनांच्या बाजूने तिरप्या उजेडात पाहिली. मधल्या भागावर अगदी पातळ काळी फिल्म होती, कडेला नख लागत होतं. ती उचलली. खाली इंटेलची मूळ छपाई, आणि तिच्यात १६६.

ही फिल्म कदाचित १९९६-९७ मध्येच लागली असेल. तेव्हा असे आकडे बदलून चिप विकण्याचा धंदा जोरात होता, आणि पुढे इंटेलने गुणक चिपमध्येच कायमचा पक्का केला त्यामागे तेही एक कारण होतं. त्यामुळे फिल्मचा आळ मी या विक्रेत्यावर घेत नाही. पण गोंद ताजा होता, आणि फोटो पाठवल्यावरही तो ‘जुन्या मालाची गॅरंटी नसते’ एवढंच म्हणत राहिला. पैसे परत मिळाले नाहीत.

कूलर चिकटवलेली चिप घेऊ नका. कूलर काढून दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागा, आणि खालच्या बाजूचा एस-स्पेक कोड (चिपचा नेमका प्रकार सांगणारा इंटेलचा छापील क्रमांक) इंटेलच्या यादीशी ताडून पाहा. चिप हातात आली की कूलर बसवण्याआधी त्या छपाईच्या कडेवरून नख फिरवा.