बाइकचं काम: घरी निवांत, की गॅरेजमध्ये झटपट?

ठाणे-नवी मुंबईत बाइक सांभाळायचे तीन मार्ग आहेत: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, नाक्यावरचा मेस्त्री आणि आपल्याच सोसायटीचं पार्किंग. पैसे वाचतील म्हणून तिसरा मार्ग धरणार असाल, तर जरा थांबा. बरे पाने, ग्रीस, चेन लूब घेता घेता पहिल्या वर्षी फारसं काही वाचत नाही. पण आठवडाभर लोकलची गर्दी आणि ऑफिसचे कॉल यांनी डोकं शिणत असेल, तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बाइक घेऊन बसण्यासारखा विसावा नाही, असं माझं ठाम मत आहे.

वॉरंटी चालू असेल तर ठरलेल्या सर्व्हिसेस सेंटरमध्येच करा, त्यात वाद नको. 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) बहुतेक गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारी यंत्रणा असते आणि इंजिनचा दिवा लागला की बिघाड वाचणारा स्कॅनर लागतोच. तिथे कामाची नोंद राहते, पार्ट खात्रीचे मिळतात. मात्र गाडी आत जाते आणि आपण बाहेर बसतो. तिला नेमकं काय झालं होतं, ते बिलावरूनच कळतं.

मेस्त्रीचं बलस्थान म्हणजे त्याचा कान. टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हचा आवाज आणि सैल चेनचा आवाज तो गाडी थांबायच्या आत ओळखतो. क्लच प्लेट, फोर्कचं (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं) ऑइल सील, व्हॉल्व्ह सेटिंग ही कामं त्याच्याचकडे द्या, घरी उघडू नका. पण त्याच्या दारात गाड्यांची रांग असते, त्यामुळे चेनवर ऑइलचा हात फिरवून तो पुढच्या गाडीकडे वळतो.

आणि घरच्या कामातली खरी मजा नेमकी त्या चेनमध्ये आहे. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून चेन पुसायचा शॉर्टकट कधीही नको, स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात बोट गेलं तर वाचत नाही. चेन क्लीनर लावून मऊ ब्रशने एकेक कडी घासत जा, चाक हाताने फिरवत. काळा चिखल सुटून खालून पितळी किंवा पोलादी चमक डोकावायला लागली की हात आपोआप सावकाश होतात. मग खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करून ताण बघा. बऱ्याच कम्युटर गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील लागते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत घट्ट जागेवरून ताण ठरवा. ताण वाढवायला चाक मागे सरकवलंत तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याचा रॉडही पुन्हा जुळवावा लागतो. हे शांतपणे करायला तासभर सहज जातो. मेस्त्रीला तो तास परवडत नाही, आपल्याला परवडतो.

जागेचं मात्र आधी बघा. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत पार्किंगमध्ये काम करायला मनाई असू शकते, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत जागेचीच चणचण. सेक्रेटरींशी आधी बोलून घ्या आणि खाली जाड पुठ्ठा अंथरा. ऑइल बदलणार असाल तर काढलेलं ऑइल डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात ओतलेलं शेवटी खाडीला मिळतं, आणि ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

निर्णय होत नसेल तर वाटणी करा. चेन, हवा, प्लग, क्लच केबलची ढील एवढं घरी आणि बाकी सगळं मेस्त्रीकडे, वॉरंटी चालू असेल तर सेंटरमध्ये. एका बैठकीत एकच काम घ्या, संध्याकाळी कुठे जायचं असेल तर त्या दिवशी पाना उचलूच नका. सुरुवात मे महिन्यात करावी. पाऊस लागला की लूब धुऊन जातं आणि ओली चेन दर राइडनंतर बघावी लागते, तोवर हात बसलेला बरा.