डिस्टिलरीतला उजेड: फ्लेमप्रूफ की इन्क्रीज्ड सेफ्टी?

झोन १ साठी, म्हणजे नेहमीच्या कामात ज्वलनशील वाफ हवेत येण्याची शक्यता असलेल्या जागेसाठी, दिवे घ्यायचे म्हटले की आपल्याकडे इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) डोळे झाकून 'फ्लेमप्रूफ वेलग्लास' (जाड काचेच्या घुमटाचा स्फोटरोधक दिवा) असे लिहिले जाते. इन्क्रीज्ड सेफ्टीचे, म्हणजे एक्स ई प्रकारचे दिवेही झोन १ मध्ये चालतात, हे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत कित्येकांच्या गावी नसते. इथेनॉलसाठी सगळीकडे क्षमता वाढवण्याची धावपळ सुरू झाली तेव्हा आमच्या रिसीव्हर रूमला (तयार स्पिरिट जमा होते त्या खोलीला) आणि टँक फार्मला नवे दिवे लागणारच होते. मेंटेनन्स माझ्याकडे असल्याने दोन्ही प्रकार लावून घेतले आणि दोन्ही सांभाळले. वॅट, ल्यूमेन, आयपी रेटिंग कॅटलॉगमध्ये मिळेल. ते इथे सोडून देतो.

फ्लेमप्रूफचा हिशेब असा, की स्पिरिटची वाफ आत शिरणारच. पेटली तर पेटू दे, पण बॉडी फुटता कामा नये आणि ज्वाळा फ्लँजच्या (बॉडी आणि झाकण जुळतात त्या कडेच्या) फटीतून बाहेर येईपर्यंत थंड झाली पाहिजे. एक्स ईमध्ये ठिणगी पडेल किंवा जास्त तापेल असे काही आत ठेवायचेच नाही, असा हिशेब असतो. एलईडीच्या ड्रायव्हरबाबत (तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटबाबत) ते जमत नाही, म्हणून तो रेझिनमध्ये गाडलेला असतो. प्रमाणपत्रावर दोन्ही सारखेच मान्य. फरक कळतो तो दोन-तीन पावसाळे गेल्यावर.

आणि तो कळतो बोल्टांवरून.

एलईडी आल्यावर दिवा बदलायचा नाही, मग फिटिंग उघडायचे कशाला, असे विक्रेता सांगतो. पण एलईडी मरत नाही, ड्रायव्हर मरतो. ज्या कारखान्यात को-जनची (कारखान्याच्या स्वतःच्या वीजनिर्मितीची) टर्बाइन ट्रिप होते, लोड ग्रिडवर जातो, मग डिझेल जनरेटरवर, पुन्हा टर्बाइनवर, तिथे ड्रायव्हर किती झटके खातो हे तिथल्या वायरमनला विचारा. तेव्हा फिटिंग उघडावे लागतेच. वेलग्लासची बॉडी ॲल्युमिनियमची, बोल्ट स्टीलचे. मळीच्या आणि स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) दमट हवेत दोघांच्या मध्ये पांढरी पूड धरते आणि बोल्ट असा बसतो की ॲलन की गोल होते, नाहीतर बॉडीतले आटे निघून येतात. हे सगळे परांचीवर, सप्लाय बंद करून, परमिटची (कामाच्या लेखी परवानगीची) वेळ संपत आलेली असताना. वरून एक बोल्ट निसटून खाली गेला की तो सापडत नाही. मग स्टोअरमधून 'तसलाच' आणला जातो. प्रमाणपत्रात बोल्टची ग्रेडही ठरलेली असते, हे त्या घाईत कोण सांगणार? एखादे भोक तर रिकामेच राहते. खालून पाहणाऱ्याला दिवा अगदी व्यवस्थित दिसतो, पण तो आता फ्लेमप्रूफ राहिलेला नसतो.

फ्लँजचीही तीच गत. आयआयबी गटासाठी (इथेनॉलची वाफ याच वायुगटात मोडते) परवानगी असलेली फट आकारमानाप्रमाणे ०.१५ ते ०.२ मिमीच्या घरात असते. त्या पृष्ठभागावर पेंटरने ब्रश फिरवला, फिटरने स्क्रू-ड्रायव्हर खुपसून झाकण उचकटले, किंवा पाणी शिरते म्हणून कुणी सिलिकॉन भरले, की सगळा हिशेब बिघडतो. पाणी अडवायला आत ओ-रिंग असते, फट भरायची नसते. हे मी टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत) घसा कोरडा होईस्तोवर सांगतो, आणि ऑफ-सीझनला नवा कंत्राटदार आला की पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

आम्ही घेतलेल्या एक्स ई फिटिंगला एकच मध्यवर्ती लॉक आहे. ते फिरवले की आतला स्विच सप्लाय तोडतो, झाकण बिजागरीवर लटकते आणि गियर ट्रे (ड्रायव्हर बसवलेली पट्टी) खाली येतो. तरी सप्लाय वरून बंद करून परमिट घ्यायचेच. त्यात सूट नाही. पण काम एका माणसाचे आहे आणि खाली पडेल असे हातात काही सुटे नसते. सगळ्या कंपन्यांची रचना अशी नसते, तेव्हा घेण्याआधी एक नग टेबलावर मागवून आपल्याच वायरमनकडून उघडून पाहा. ड्रायव्हर किंवा ट्रे मूळ कंपनीचा सुटा मिळतो का, हेही तेव्हाच विचारा. बाजारातला ड्रायव्हर आत बसवला की दोन्ही प्रकारांचे प्रमाणपत्र कागदापुरतेच उरते.

एक्स ईची दुबळी बाजू लपवत नाही. तिथे भिस्त टर्मिनलवर असते. टर्मिनल ढिले राहिले, तापले, ठिणगी पडली, तर ती आत कोंडून ठेवणारी जाड बॉडी तिथे नाही. म्हणजे सगळी सुरक्षितता वायरमनच्या हातात आणि योग्य ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथल्या घट्ट जोडात). ज्यांच्याकडे जोडणीनंतर टॉर्क तपासण्याची शिस्त नाही, त्यांनी फ्लेमप्रूफच घेतलेला बरा, असे मलाही वाटते. शिवाय प्लास्टिकच्या कव्हरवर स्थिर विद्युत साठते. ते कोरड्या फडक्याने पुसायचे नसते, ओल्यानेच. उन्हात पॉलिकार्बोनेट पिवळे पडते. किंमतही, आम्हाला आलेल्या कोटेशनमध्ये तरी, चांगलीच जास्त होती.

दोन्हींपैकी काहीही घ्या, नेमप्लेटवर दोन गोष्टी बघा. एक, तापमान वर्ग. इथेनॉल टी २ मध्ये बसते, म्हणजे पृष्ठभाग ३०० अंशांपर्यंत चालतो. तेव्हा फक्त स्पिरिटच असेल तर टी ६ या सर्वांत कडक वर्गासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. तुमच्याकडे ईथर किंवा कार्बन डायसल्फाइड असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी, सभोवतालचे तापमान. काही लिहिलेले नसेल तर ती मर्यादा उणे २० ते अधिक ४० अंश धरतात. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथल्या मे महिन्यात, तेही पत्र्याखाली, ४० कधीच ओलांडलेले असते. ५० किंवा ५५ छापलेलेच मागा. पेसोचे (स्फोटक-सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेचे) प्रमाणपत्र तर हवेच. 'आमच्याकडे आहे, पाठवतो' यावर विश्वास ठेवू नका, प्रमाणपत्राचा नंबर नेमप्लेटवरच्या मॉडेलशी जुळवून घ्या. मॉडेलमधले एक अक्षर वेगळे निघाले म्हणून आम्ही एक लॉट परत केला होता.

टाकीत उतरताना लागणाऱ्या हँडलॅम्पचा प्रश्न या तुलनेत येत नाही. तिथली २४ व्होल्टची मर्यादा जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्ये होती.

आणि एक फुकटचा सल्ला: टँक फार्मच्या आवारात जितके दिवे ड्रॉइंगवर आहेत तितके लागतातच असे नाही. बरेचसे काम झोनच्या हद्दीबाहेर उंच खांब रोवून साध्या फ्लडलाइटने होते. आमच्या टँक फार्मचे तसेच केले. आत फक्त व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड आणि जिन्याजवळ एक्स ई ठेवले. महागडे नग कमी लागले, त्यामुळे किमतीची तक्रारही बरीच निवळली.

टँकर लोडिंगच्या शेडमध्ये मात्र अजून फ्लेमप्रूफच आहेत. तिथे क्लीनरच्या हातातली डिप रॉड (टँकरमधली पातळी मोजायची काठी) दिवसातून कितीदा तरी छताला लागते, आणि ती सोसायला काचेवर जाळी असलेली ती जड बॉडीच बरी पडते. तिथले बोल्ट दर ऑफ-सीझनला काढून, ग्रीस लावून, मोजून परत बसवतो.